बारदानावरचा अंगठा

हरभऱ्याच्या भरल्या पोत्यात लोखंडी सळई शिरते तेव्हा दोन आवाज होतात. आधी तागाचा चर्र, आणि त्यामागून दाणे बाजूला सरकल्याचा खस्स. माणसाच्या पोटात संगीन शिरते तेव्हाही दोनच आवाज होतात. पहिला कापडाचा. दुसरा मी सांगणार नाही. दर फाल्गुनात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, ओट्यावर उभा राहिलो की मला हे चारही आवाज एकदम ऐकू येतात आणि माझे पाय आपोआप फाकतात. डावा पुढे, उजवा मागे, गुडघे किंचित वाकलेले. शेजारून पोतं घेऊन जाणारा हमाल हसतो, “हवालदार, कुनाला मारायलात?” मी म्हणतो, “कुणाला नाही रे बाबा, कंबर धरली.”

मी लोह्याजवळच्या एका खेड्यात राहतो. बावीस वर्षं फौजेत काढली, हवालदार म्हणून घरी आलो, आता वाट्याच्या रानात पावसाळ्यात सोयाबीन आणि हिवाळ्यात हरभरा करतो. लोह्याचा मोंढा अगदी जवळ. तरी मी दरवर्षी टेम्पोत बारा पोती टाकतो आणि अहमदपूर गाठतो. बायको दरवर्षी विचारते, “लोह्याच्या मोंढ्यात काय काटे टोचतेत का तुम्हाला?” ती सहज बोलते. काटे हा शब्द माझ्यासमोर कोणी सहज बोलू नये असं मला वाटतं, पण हे तिला कसं सांगायचं ते कळत नाही, म्हणून मी टेम्पोवाल्यावर खेकसतो आणि निघतो.

अहमदपुरात ज्या आडतीवर मी माल उतरवतो, ती बसवराजच्या वडिलांची. बसवराज फौजेत आहे आणि मी त्याचा उस्ताद. सुगीला तो रजा काढून बापाच्या मदतीला येतो. मी जातो ते त्याचा डावा हात बघायला. त्या हातातून मी एक गोष्ट काढून घेतली होती. ती परत आली का, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. सगळं गाव आता प्लास्टिकच्या कट्ट्यांत माल भरतं, मी मात्र तागाची जुनी बारदानं धुऊन, वाळवून, माळ्यावर जपून ठेवतो. तेही त्याच हातासाठी.

तोही फाल्गुनच होता. मराठवाड्यापासून फार लांब, एका पठारावर आमचं प्रशिक्षण केंद्र होतं. मी तिथं संगिनीचा उस्ताद होतो. लोकांना वाटतं, फौजेत पोरांना बंदूक चालवायला शिकवतात. बंदूक काय, चार-सहा आठवड्यांत येते. खरं काम असतं ते आईनं अठरा वर्षं शिकवलेलं काढून टाकण्याचं. कोणी किंचाळलं की थांबायचं नाही. रक्त दिसलं की मागे सरायचं नाही. पडलेल्याला उचलायला वाकायचं नाही, त्याला मागून येणारे बघतील, तू पुढे चल. घरी ज्याला माणुसकी म्हणतात, तिला खंदकात उशीर म्हणतात. हे वाक्य मी दर तुकडीला पहिल्या दिवशी ऐकवायचो आणि मला त्याचा अभिमान होता.

आणि हे सगळं खऱ्यासारखं व्हायला हवं होतं. नुसतं गवत भरलेलं पोतं भोसकून कोणी लढाईला तयार होत नाही. म्हणून आम्ही दीडशे पावलांचा नागमोडी खंदक खणला होता. त्यात शिरण्याआधी काटेरी तारांखालून चिखलात सरपटायचं, डोक्यावरून खऱ्या गोळ्या जायच्या, मान जरा वर केली तर मान राहणार नाही इतक्या खालून. बाजूच्या खड्ड्यांत दारू फुटायची आणि दगडमातीचा पाऊस पाठीवर पडायचा. टायर जळत असायचे. कर्ण्यावर माणसांचं विव्हळणं लावलेलं असायचं, मोठ्यानं, सतत. आणि खंदकाच्या प्रत्येक वळणावर जुनी वर्दी चढवलेलं एक पोतं. खाटिकखान्यातून मी रोज बादलीभर बकऱ्याची आतडी आणि रक्त आणायचो, ते पिशवीत बांधून पोत्याच्या पोटात घालायचो. संगीन ओढली की ते सगळं भसकन बाहेर यायचं, हातांवर, तोंडावर. पहिल्या दिवशी निम्मी तुकडी ओकायची. मी ओरडायचो, “ओका, खुशाल ओका, पण पळता पळता ओका!”

मी क्रूर होतो का? होतो. पण ते क्रौर्य मला फुकट मिळालेलं नव्हतं. माझ्या पहिल्याच चकमकीत माझ्या पुढच्या जवानानं समोरच्याला संगिनीनं पाडलं आणि पडलेल्याच्या तोंडाकडे बघत तो उभा राहिला. एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. पलीकडून गोळी आली आणि त्याचा खालचा जबडा गेला. गेला म्हणजे माझ्या छातीवर आला. त्याचा एक दात माझ्या शर्टाच्या खिशात सापडला, दुसऱ्या दिवशी, बिडी शोधताना. तेव्हापासून पोरांच्या त्या एका श्वासाचा मी वैरी झालो.

त्या फाल्गुनातल्या तुकडीत दोन पोरं आमच्या बाजूची होती. एक हा बसवराज, म्हणजे बसू. आडतीवाल्या लिंगायताचं घर, गळ्यात लिंग, आयुष्यात अंडंसुद्धा फोडलेलं नाही. दुसरा गंगाधर, अर्धापूरचा, केळीच्या बागेत वाढलेला, उंच आणि तोंडाळ. आतड्यांच्या पहिल्या दिवसानंतर बसू दोन दिवस जेवला नाही. गंगाधरनं त्याच्या अंगावर बादल्या ओतून त्याला धुतलं आणि म्हणाला, “रड नगं बस्या, बकरीच हाय ती. तुझ्या अप्पाला म्या सांगत न्हाई.” मी चारचौघांत त्यांच्याशी हिंदीत बोलायचो, पण शिवी द्यायची वेळ आली की आपली बोली तोंडात यायची. त्यामुळं शिव्याही त्यांना इतरांपेक्षा जास्त लागायच्या.

बसूचा वार बघून मी पहिल्या दिवशी थक्क झालो. बाकीची पोरं पोत्यावर धाडकन आदळायची, त्यांची संगीन हाडांत अडकावी तशी तागात अडकायची. याची सुरीसारखी शिरायची, मनगटाला अर्धा पीळ आणि बाहेर. नंतर कळलं, दहाव्या वर्षापासून तो मोंढ्यात पोत्यांचा नमुना काढत होता. आडतीवर टोकदार, पोकळ अशी एक सळई असते. ती पोत्यात खुपसायची, पीळ द्यायचा, ओढायची, की पन्हळीतून मूठभर दाणे हातावर येतात. बसूनं हजारो पोती भोसकली होती.

पण सळई ओढल्यावर आडतीवाल्याचं पोर आणखी एक काम करतं. डावा अंगठा त्या भोकावर ठेवून दोनदा आडवा चोळतं. ताग सरकून जागेवर येतो, भोक मिटतं, माल सांडत नाही. बसूनं संगीन ओढली, रक्त भसकन बाहेर आलं, आणि त्याचा डावा हात बंदुकीवरून सुटला, त्या रक्ताळलेल्या पोत्यावर गेला आणि अंगठ्यानं ती जखम चोळू लागला.

तुकडी हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या पोत्याशी तेच झालं. तिसऱ्याशी मी वेताची छडी त्याच्या मनगटावर हाणली.

“हात कुठं गेला?”

त्यानं हाताकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. “सवय हाय, उस्ताद. तसंच सोडलं तर माल सांडतो. अप्पा मारतेत.”

“हा माल न्हाई. दुश्मन हाय.”

“हाव, उस्ताद.”

“मग काय करायचं?”

“घोंप, निकाल, आगे.”

चौथ्या पोत्याशी त्यानं घोंपलं, ओढलं, आणि हात पुन्हा पोत्याच्या पोटावर गेला.

आठवडाभर मी त्या हाताला मारलं. छडीनं, बुटानं, बंदुकीच्या दस्त्यानं. नख काळं पडून गळालं. त्याच्यापायी सगळ्या तुकडीला वाळूची पोती डोक्यावर घेऊन टेकडी चढायला लावली, म्हणजे पोरंच त्याला धरून चोपतील. चोपलंही. एका पोरानं त्याचा ओठ फाडला. गंगाधर मध्ये पडला तर त्याचंही नाक फुटलं. हाताला मात्र काही समजेना. मार खाताना तो आखडायचा, पोत्यापुढे गेला की पुन्हा निघायचा. बसू रडवेला होऊन म्हणायचा, “म्या न्हाई करत, उस्ताद. त्यो आपोआप जातो.” आणि ते खरं होतं. म्हणूनच मला भीती वाटायची. खंदकात डावा हात बंदुकीवरून सुटला म्हणजे पोरगा मेला. हे पोर अहमदपूरला पेटीत जाणार, आणि त्याच्या बापापुढे मला उभं राहावं लागणार, एवढंच मला दिसत होतं.

मग मला आमच्या गोठ्यातली गोष्ट आठवली. वासराचं दूध तोडायचं असलं की त्याच्या तोंडाला काट्यांची मुसकी बांधतात. वासरू ओढीनं लुचायला जातं, काटे गाईच्या आचळाला टोचतात, आणि त्याची आईच त्याला लाथ मारते. चार दिवसांत वासरू जाणं सोडतं. मैदानाच्या कडेला बाभळी होत्या. मी बोटभर लांबीचे पांढरे काटे तोडून आणले आणि बसूच्या पोत्यांना, जिथं संगीन लागायची तिथं चहूबाजूंनी, आतून बाहेर असे ओवले.

पहिल्या वाराला त्याचा अंगठा गेला आणि तो किंचाळला. कर्ण्यावरच्या किंचाळ्यांत ती मला वेगळी ओळखू आली. मी ओरडलो, “आगे!” दुसऱ्या वळणावर पुन्हा हात गेला. तिसऱ्या वळणावर पुन्हा. खंदकातून बाहेर आला तेव्हा तळव्यात सात काटे रुतलेले होते, आणि बकऱ्याचं रक्त कुठलं, त्याचं कुठलं, ते सांगता येत नव्हतं. मी मोजून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी काटे वाढवले.

संध्याकाळी, उजेड असेपर्यंत, बराकीच्या पायरीवर गंगाधर त्याचा हात मांडीवर घेऊन बसायचा. शर्टाची पिन तापवून काटे काढायचा. “हालू नगंस. वाळलेला काटा हाय, आत मोडला तर पिकंल.” एकदा मी जवळून गेलो तेव्हा तो उठून उभा राहिला, सावधान केलं आणि म्हणाला, “उस्ताद, तेवढा अंगठा राहू द्या की त्याचा. कामाचा हाय.” मी त्याच्या कानाखाली वाजवली आणि बंदूक डोक्यावर धरून मैदानाच्या वीस फेऱ्या मारायला लावल्या. तो पळत असताना बसू पायरीवर बसून होता. अर्धे काटे हातात तसेच.

काट्यांच्या नवव्या दिवशी हात गेला नाही. बसूनं घोंपलं, ओढलं आणि पुढच्या वळणाकडे धावला. दहाव्या दिवशी मी सगळे काटे काढून टाकले. तरी हात गेला नाही. त्या दिवशी तुकडीत सगळ्यात कमी वेळात खंदक पार करणारा तो होता. मी त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली. मला इतका आनंद झाला होता की मी माझ्या पैशानं तुकडीला जिलबी वाटली. त्यानं ती उजव्या हातानं खाल्ली, डावा मांडीवर उताणा ठेवून.

हे सगळं आता आमच्या रानात उभं राहून लिहितो आहे असं समजा. मागास पेऱ्याचा उरलेला हरभरा उपटायला बाया आल्या आहेत. वाळलेल्या घाट्यांवरची आंब, ती आंबट खार, बोटांना चरचरते, जुन्या जखमांत तर फारच. बांधावरचा पळस लालभडक झाला आहे. शहरातल्या लोकांना तो बघून काय काय सुचतं म्हणे. मला तो बघून खाटिकखान्यातली बादली आठवते, मी काय करू?

याच बांधावर, तीन वर्षांपूर्वी, बसू येऊन बसला होता. मी निवृत्त झालो होतो. सीमेवरच्या एका खंदकात झटापट झाली, गंगाधर गेला, एवढं मला फोनवर कळलं होतं. बसूचा अहमदपुरात मोठा सत्कार झाला होता. फटाके, हार, शाळेची पोरं रांगेत. मलाही मंचावर बसवलं होतं, याच उस्तादांनी हा वीर घडवला म्हणून. बसू तिथं एक शब्द बोलला नाही. आठ दिवसांनी भर दुपारी लोह्याला एसटीनं आला, तिथून गावापर्यंत पायी, आणि बांधावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत बोलायला लागला. खात नव्हता, नुसता सोलत होता.

“सकाळचं धुकं व्हतं, उस्ताद. खंदक तसाच, आपल्यासारखा. वळणावळणाचा. म्या पुढं, गंग्या डाव्या अंगाला, मागं सहा जण. पहिला समोर आला, घोंपलं. आवाज तसाच आला, तुम्ही सांगायचे तसा. ओढली. तवाच गंग्याला गोळी लागली. मांडीत, पार वर. माझ्या पायापाशीच पडला त्यो. रगत कसं, उस्ताद, पोतं उसवल्यावर माल येतो तसं. भोक एवढुसंच. सळईचं असतं तेवढंच.”

तो थांबला. सोललेला दाणा त्यानं मातीत टाकला.

“त्यानं माझा बूट धरला. म्या खाली बघितलं. आन वाट बघितली, उस्ताद. वाटलं, आता हात जाईल. आपोआप जाईल. न्हाई गेला. बंदुकीवरच राहिला. म्या पाय हिसडून सोडवला आन पुढं गेलो. वळणापल्याड मशीनगनवाला पट्टा बदलत व्हता. त्याच्या गळ्यात घोंपली. दुसऱ्याच्या पोटात. तिसरा दोन्ही हात वर करत व्हता, त्यालाबी. थांबताच येईना. सगळा खंदक साफ करून माघारी आलो.”

“गंगाधर?”

“पांढरा पडला व्हता. मागच्यांनी पट्टी बांधली, पर उशीर झाल्ता. त्यानं सोताच दाबून धरलेलं, अंगठ्यानं. पर केळीवाल्याला काय येतंय ते, उस्ताद. अंगठा उभा धरला व्हता त्यानं. उभा धरून न्हाई थांबत.”

मी त्याला म्हणालो, “बरोबर केलंस.” उस्ताद दुसरं काय म्हणणार? आणि ते खरंच आहे. तो वाकला असता तर मशीनगनचा पट्टा चढला असता आणि त्या अरुंद खंदकात आठही जण उभे कापले गेले असते. सहा घरांत आज माणसं जेवायला बसतात ती माझ्या बाभळीच्या काट्यांमुळं. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल, त्याला सुमार नाही. पुन्हा तीच तुकडी माझ्या हाती दिली तर मी पुन्हा काटे ओवीन. आणि तरी, त्या पायरीवर उभा राहून अंगठा राहू द्या म्हणणाऱ्या गंगाधरच्या कानाखाली मी वाजवली होती, याची मला लाज वाटते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींना मारत नाहीत, हीच तर अडचण आहे.

त्यानंतर आम्ही दोघं अर्धापूरला गेलो. गंगाधरची आई बागेत होती. घड उतरला की केळीचं झाड उभं ठेवून उपयोग नसतो, ते बुंध्यातून तोडतात. ती कोयत्यानं ओळीनं बुंधे तोडत होती. एक घाव, दुसरा घाव, आणि पाणी भरलेलं ते खोड फसकन आडवं. बसू बागेच्या कडेलाच थांबला. मी पुढे गेलो. तिनं कोयता न थांबवता विचारलं, “तुमच्या हाताखाली व्हता न्हवं माझा गंगू?”

“हो, माय.”

“लई वेळ तडफडला का त्यो?”

“न्हाई. लगेच गेला.”

तिनं माझ्याकडे बघितलं, मग लांब उभ्या बसूकडे बघितलं आणि पुढच्या झाडावर घाव घातला. चीक उडून माझ्या शर्टावर आला. केळीच्या चिकाचा डाग जात नाही. तो शर्ट मी अजून वापरतो, रानात.

तर यंदा. बारा बारदानं घेऊन मी अहमदपूरच्या मोंढ्यात उतरलो. बसूचे वडील, मल्लिकार्जुनअप्पा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, ओट्यावर बसलेले. “शरणार्थ, हवालदार. आलात का. तागाची पोती बघितली की म्या वळखतो, लोह्याची गाडी आली.” त्यांच्या शरणार्थाला मी रामराम केला. बसू होता, हमालांना पोती लावून घेत होता. या तीन वर्षांत तो दुकानी यायचा, पोती मोजायचा, गाड्या लावायचा, पण सळईला हात लावायचा नाही. अप्पांनीही कधी पुढे केली नव्हती. यंदा अप्पांचा उजवा खांदा आखडला होता, हात वर होत नव्हता. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, कण्हले आणि सळई बसूपुढे धरली. “घे. आपलीच पोती हायत हवालदाराची. बघ माल.”

बसूनं सळई घेतली. क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग त्याचे पाय फाकले. डावा पुढे, उजवा मागे. मला ओरडून सांगावंसं वाटलं की राहू दे, पण मी त्याच्या डाव्या हाताकडे बघत राहिलो.

त्यानं पहिल्या पोत्यात सळई घातली. नमुना काढायला वीतभर पुरते, ती मुठीपर्यंत गेली. पीळ, ओढली, आणि तो दुसऱ्या पोत्याकडे सरकला. नमुना ना हातावर घेतला ना बघितला. दुसरं. तिसरं. चौथं. चर्र, खस्स. चर्र, खस्स. त्याचा वेग वाढत गेला, खांदे पुढे झुकले, दात आवळले गेले. आठव्या पोत्यापर्यंत हमाल हातातली कामं टाकून बघायला लागले. डावा हात सळईवर घट्ट. बाराव्या पोत्यातून त्यानं सळई उपसली आणि तेराव्यासाठी वळला, तर तिथं भिंत होती. तो भिंतीसमोर तसाच उभा राहिला, धापा टाकत.

त्याच्या मागे बारा भोकांतून हरभरा वाहत होता. बारीक, एकसारख्या धारा. ओट्यावर दाणे पडून उडत होते आणि त्यांचा सरसर असा आवाज सगळ्या मोंढ्याला ऐकू जात होता. अप्पा उठले. दुखरा हात पोटाशी धरून पहिल्या पोत्यापाशी बसले, डावा अंगठा भोकावर ठेवला, दोनदा चोळला. धार थांबली. ते दुसऱ्या पोत्याकडे सरकले. त्या म्हाताऱ्या माणसानं पोराकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. तेच मला फार लागलं.

मी दुसऱ्या टोकाला, बाराव्या पोत्यापाशी गेलो आणि गुडघ्यावर बसलो. इतकी वर्षं मी पोती भोसकायला शिकवलं, मिटवायला मला येत नव्हतं. मी अंगठा दाबला. दाणे त्याच्या दोन्ही बाजूंनी येतच राहिले.

“तसं न्हाई, हवालदार,” अप्पा लांबूनच म्हणाले. “उभा नगं. आडवा धरा. धाग्याला धागा भेटवावा लागतो.”

भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या बसूनं ते ऐकलं. तो वळला. आधी त्यानं त्या धारा बघितल्या, मग हातातली सळई, मग माझा अंगठा. सळई त्याच्या हातातून ओट्यावर पडून खणखणली. तो माझ्याजवळ येऊन बसला. माझा हात त्यानं मनगटाला धरून बाजूला केला, हळूच, आणि स्वतःचा डावा अंगठा त्या भोकावर आडवा ठेवला. त्याच्या तळव्यावर बाभळीच्या काट्यांचे बारीक पांढरे ठिपके अजून होते. त्यानं एकदा चोळलं, दुसऱ्यांदा चोळलं, आणि दाबून धरलं.

अप्पा एकेक करत इकडे येत होते. अकरावं पोतं मिटवून ते आमच्यापाशी थांबले. “मिटलं, बसू,” ते म्हणाले. “काढ आता हात.”

त्यानं काढला नाही. डोळे पोत्यावरच.

“उस्ताद,” तो म्हणाला, “किती वेळ धरावं लागलं असतं?”

मला उत्तर येत होतं. मागच्यांना गंगाधरपर्यंत पोचायला किती वेळ लागला, ते मी त्या लोकांकडून केव्हाच काढून घेतलं होतं. फार नव्हता. मी सांगितलं नाही. पोत्यातून आता एक दाणाही येत नव्हता, आणि बसूनं अंगठा तसाच दाबून धरला होता.